करारात लिहिलंय 'तुमचे सर्व शोध कंपनीचे'. सही करावी का?

निळीशाई:
नव्या नोकरीचं करारपत्र आलंय. बाकी सगळं मनासारखं, पण एका कलमापाशी अडकलेय: 'नोकरीच्या काळात लावलेला प्रत्येक शोध, कामाच्या वेळेत असो वा नसो, कंपनीच्या मालकीचा राहील.' अंधांना छापील मजकूर वाचून दाखवणारं एक ॲप मी घरी, स्वतःच्या लॅपटॉपवर करतेय. कंपनीचं काम बिलिंगचं, त्याचा याच्याशी काडीचाही संबंध नाही. एचआर म्हणतं, 'फॉरमॅट ठरलेला आहे, सगळेच सही करतात.' काय करू?

पानफुटी:
सहीची घाई नको. 'आधीचे शोध' असं परिशिष्ट आहे का बघा, नसेल तर मागून घ्या. ते कोरं मात्र सोडू नका. कोरं म्हणजे 'माझं आधीचं काही नाही' असा अर्थ निघतो. ॲपचं नाव आणि ते काय करतं एवढंच लिहा, आतली युक्ती नको. 'आणि त्याच्या पुढील आवृत्त्या' हे शब्द मात्र हवेतच, नाहीतर रुजू झाल्यानंतरच्या सुधारणांवरून वाद होईल.

तळटीप:
क्रियापदही वाचा. 'हक्क देण्याचे मान्य करतो' हे पुढचं वचन झालं. 'याद्वारे हक्क देत आहे' म्हटलं की पुढचे शोधही जन्मताच कंपनीचे. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या एका संशोधकाने विद्यापीठाला पहिल्या प्रकारे लिहून दिलं होतं. एचआयव्ही मोजण्याचं तंत्र शिकायला तो सेटस कंपनीत गेला, तिथे दुसऱ्या प्रकारच्या कागदावर सही केली. सेटसचे ते हक्क पुढे रोश या औषध कंपनीकडे गेले, आणि २०११ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात स्टॅनफर्ड हरलं. एवढं मोठं विद्यापीठ एका क्रियापदापायी अडचणीत आलं, म्हणून कळकळीने सांगतोय.

कायदा देशागणिक बदलतो. कॅलिफोर्नियात कामगार कायद्याचं कलम २८७० स्वतःच्या वेळेत, स्वतःच्या साधनांनी केलेलं काम वाचवतं; पण ते कंपनीच्या व्यवसायाशी किंवा संशोधनाशी संबंधित असेल तर नाही. जर्मनीत नोकरीतल्या शोधाचे हक्क कंपनीने घेतले तर मोबदला द्यावा लागतो. तुमच्याकडचं स्थानिक वकिलाला विचारा, आणि नोकरी सोडल्यानंतरही शोधांवर हक्क सांगणारं कलम आहे का तेही दाखवा.

निळीशाई:
परिशिष्ट नाहीये, आजच मागते. आणखी काही?

पानफुटी:
मिळालेलं उत्तर ईमेलवरच घ्या, तोंडी आश्वासन उपयोगाचं नाही. आणि रुजू झाल्यावर ॲपची एक ओळही कंपनीच्या लॅपटॉपवर किंवा ऑफिसच्या खात्यातून लिहू नका.