लायरबर्डच्या ओट्यापाशी फोटोसाठी दबा धरून बसावं का?

रानवारा:
मेलबर्नला येऊन नऊ वर्षं झाली. जून ते ऑगस्ट, म्हणजे इथल्या ऐन थंडीत, शनिवारी उजाडायच्या आत शेरब्रुकच्या जंगलात पोहोचायचं हा माझा नेम आहे. डँडेनाँग डोंगररांगेतलं हे जंगल शहरापासून गाडीने तासाभरावर. माउंटन अ‍ॅशची आभाळाला भिडलेली झाडं, खाली पुरुषभर उंचीचे वृक्षनेचे आणि त्या ओल्या अंधारात वावरणारा लायरबर्ड.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी: अंगाने कोंबड्याएवढा, तपकिरी, बहुतेक वेळ जमिनीवरच. नराच्या शेपटीत १६ पिसं, त्यातली कडेची दोन वळणदार. ऑस्ट्रेलियाच्या दहा सेंटच्या नाण्यावर १९६६ पासून हाच पक्षी आहे. विणीच्या हंगामात नर पालापाचोळा उकरून मोकळ्या मातीचा मीटरभर रुंद ओटा करतो. एकेका नराचे असे कितीतरी ओटे असतात. ओट्यावर उभा राहून तो शेपटी डोक्यावरून पुढे घेतो, पिसांची रुपेरी बाजू वर येते आणि अख्खा पक्षी त्या झिरमिळ्या पडद्याआड जातो. गाणी चार प्रकारची, आणि प्रत्येक गाण्याच्या हालचाली वेगळ्या.

गेल्या शनिवारी पायवाटेपासून वीसेक पावलं आत तीन फोटोग्राफर एका ओट्याला तिन्ही बाजूंनी घेरून बसलेले दिसले. एकाने मोबाइलवर लायरबर्डचंच गाणं लावलं होतं, छोटा स्पीकर ओट्याच्या कडेला ठेवला होता. नर आला. ओट्यावर चढला नाही. मान ताणून, एक पाय उचललेला तसाच ठेवून उभा राहिला. स्पीकरकडे पाहिलं, माणसांकडे पाहिलं आणि नेच्यांत शिरला. मी तासभर थांबलो. त्या बाजूने एक सूर ऐकू आला नाही. नंतर बोलताना कळलं, जागा त्यांना एका ग्रुपवर नकाशावरच्या खुणेसकट मिळाली होती.

माझं मत स्पष्ट आहे. प्लेबॅक, म्हणजे पक्ष्याला बोलवायला त्याचं रेकॉर्ड केलेलं गाणं लावणं, नको, ओट्याची जागा कुठेही टाकू नये, आणि ओट्यापाशी दबा धरून बसणं हे मुळातच बंद व्हायला हवं. पायवाटेवरून जे मिळेल ते आपलं.

तिसरा_डोळा:
प्लेबॅकबद्दल शंभर टक्के सहमत. बाकीच्या दोन मुद्द्यांना माझा विरोध आहे.

शेरब्रुकचे लायरबर्ड शंभर वर्षांपासून माणसं बघत आलेत. टॉम ट्रेगेलस नावाचे सुरुवातीच्या काळातले छायाचित्रकार याच जंगलात, पडलेल्या झाडाच्या पोकळ ओंडक्यात मुक्काम करून या पक्ष्याचे फोटो काढायचे. त्यांच्यासारख्यांच्या फोटोंमुळेच लोकांना या पक्ष्याची ओढ लागली. जंगल राखा असं म्हणणारी माणसं अशीच तयार होतात.

शिवाय पक्ष्याला जास्त त्रास कशाचा होतो? चालणाऱ्या माणसाचा. मी पंधरा मीटर लांब, झाडाला पाठ टेकून, उजाडण्याआधी बसतो आणि नर स्वतःहून निघून गेल्यावरच उठतो. मागच्या वर्षी माझ्यासमोर नराने सलग वीस मिनिटं नाच केला. माझ्यामुळे बिचकला असता तर केला असता का? तीन बेशिस्त लोकांवरून सगळ्यांना पायवाटेवर डांबून ठेवणं मला पटत नाही.

मुग्धा_सिडनी:
मला तर वाटतं ओट्याचा हट्टच कशाला. सिडनीच्या दक्षिणेला रॉयल नॅशनल पार्कमधल्या लेडी कॅरिंग्टन ड्राइव्हवर मी पाच वर्षं जातेय, एकदाही रस्ता सोडला नाही, आणि माझे सगळ्यात चांगले फोटो तिथलेच आहेत.

आधी ऐकायला शिका. एकाच झुडपातून मिनिटभरात व्हिपबर्डचा चाबूक, कुकाबुर्राचं हसणं आणि रोझेलाची किलबिल आली तर तिथे तीन पक्षी नाहीत, एकच आहे. दुसरी खूण म्हणजे उकरण्याचा आवाज. कोंबडी उकिरडा उकरते तसा, पण जोरकस, मध्येच थांबणारा. हा पक्षी दिवसभर तेच करतो. ला ट्रोब विद्यापीठाच्या संशोधकांनी व्हिक्टोरियाच्या जंगलांत मोजलं, तर एका हेक्टरमागे वर्षाला सरासरी १५५ टन माती आणि पालापाचोळा लायरबर्ड हलवतात. उकरण्यात गुंतलेला असला की तो हळूहळू सरकत रस्त्याच्या कडेला येतो. मागे पिवळा रॉबिन असतो, उडालेले किडे टिपायला. तो दिसला तरी थांबावं.

कॅमेऱ्याचं सांगायचं तर आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता) ६४०० ला घाबरू नका, तिथे उजेडच नसतो. शेपटी पसरली की रुपेरी पिसं हमखास पांढरीफट्ट होतात, कारण कॅमेरा मागच्या काळोखावरून हिशेब करतो. एक्स्पोजर एक स्टॉप खाली घ्या, म्हणजे कॅमेऱ्यात उजेड निम्माच घ्या. फ्लॅश बॅगेतच राहू दे.

भटका_जोगी:
प्लेबॅकवर एवढा राग का ते मला समजलं नाही. हा पक्षी दिवसभर दुसऱ्यांचेच आवाज काढतो. करवतीचा काढतो, कॅमेऱ्याच्या शटरचासुद्धा काढतो. त्याच्या कानावर आणखी एक गाणं पडलं तर काय बिघडतं? लांबून आलेल्या माणसाला एकच सकाळ मिळते. मी पुण्याहून मुलीकडे गेलो होतो तेव्हा दोन मिनिटं लावलं, पक्षी दिसला, बंद केलं.

रानवारा:
जोगीकाका, तुमची एकच सकाळ होती हे समजू शकतो. पण करवत आणि शटरचे जे आवाज सगळीकडे फिरतात, ते बहुतेक पिंजऱ्यात वाढलेल्या पक्ष्यांचे आहेत. रानातला लायरबर्ड मुख्यतः रानातले पक्षीच गातो, आणि लहान नर ते मोठ्या नरांकडून शिकतात. १९३०-४०च्या दशकांत काही लायरबर्ड टास्मानियात नेऊन सोडले. तिथे व्हिपबर्ड नाही. तरी पुढच्या पिढ्यांचे पक्षी व्हिपबर्डचा आवाज काढत राहिले, कारण वडीलधाऱ्यांनी शिकवलेलं गाणं त्यांनी टाकलं नाही.

अशा पक्ष्याच्या ओट्यावर तुम्ही त्याच्याच जातीच्या नराचं गाणं लावता, तेव्हा त्याला ते कुणीतरी परका नर घरात घुसल्यासारखंच ऐकू येणार. तो दिसतो तो भांडायला आलेला दिसतो. दोन मिनिटं तुमची झाली, पण शनिवार-रविवारी तुमच्यानंतर आणखी दहा जण येतात.

सह्यकडा:
मी चिपळूणचा, लायरबर्ड पाहिलेला नाही. पण जागा टाकण्याबद्दल बोलायचा मला हक्क आहे असं वाटतं.

आमच्याकडे पावसाळ्यात तिबोटी खंड्या येतो. ओढ्याकाठच्या मातीत बीळ करतो. आमच्या वाडीमागच्या ओढ्यावर एक जोडी होती, मी आनंदाने फोटो टाकला आणि विचारणाऱ्याला जागा सांगितली. दुसऱ्या रविवारी तिथे अकरा जण होते. बिळासमोर फांदी रोवलेली, पक्ष्याने तिच्यावरच बसावं म्हणून. बिळावर लोंबणारं गवत कापलेलं. नर तोंडात सरडा घेऊन समोरच्या झाडावर बसून राहिला, अर्धा तास बिळात गेला नाही. आत पिल्लं ओरडत होती ते आम्हाला ऐकू येत होतं. त्या जागी ती जोडी परत आली नाही. मी तेव्हापासून कुणालाही जागा सांगत नाही, अगदी सख्ख्या मित्रालाही नाही.

तिसरा_डोळा:
सह्यकडादादा, वाचून वाईट वाटलं. पण तो घरट्याचा प्रश्न आहे. घरट्यापाशी जाऊच नये याबद्दल वाद नाही. ओटा म्हणजे घरटं नव्हे. तिथे नर स्वतःला दाखवायलाच उभा राहतो.

आभा_ब:
तिसरा_डोळा, दाखवायला उभा राहतो, पण कुणाला? मादीला. तुम्ही सगळे नराबद्दल भांडताय, तिच्याबद्दल कुणी बोलेना म्हणून लिहितेय.

घरटं ती एकटी बांधते. अंडं एकच घालते, उबवायला सुमारे ५० दिवस. भर थंडीत सकाळी कित्येक तास ती अंडं तसंच सोडून खायला बाहेर पडते. पिल्लू घरट्यात सहा आठवडे. या सगळ्यात नराची काडीची मदत नाही. म्हणजे तिला करायची आहे ती एकच गोष्ट: नर नीट निवडणं. त्यासाठी ती ओट्यावर येते, कधी या नराच्या, कधी त्या. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात तर असं दिसलं की मादी नाच सोडून निघू लागली की नर घाबरलेल्या पक्ष्यांच्या थव्याचा कलकलाट हुबेहूब काढतो. बाहेर धोका आहे असं वाटून ती थांबावी म्हणून, असा संशोधकांचा अंदाज आहे. इतकी ती निघून जायच्या तयारीत असते.

आता सांगा, पंधरा मीटरवर झाडाला टेकून बसलेला माणूस नराला सवयीचा असेलही. नेच्यांमधून डोकावून ती आल्यापावली परत गेली असेल तर तुम्हाला ते कळेल कसं? तुमच्या फ्रेममध्ये ती नव्हतीच.

तिसरा_डोळा:
आभाताई, हा विचार मी खरंच केला नव्हता. त्या वीस मिनिटांत मादी एकदाही दिसली नव्हती, आणि मी नाच चांगला मिळाला म्हणून खूश होतो.

तरी जागा पूर्ण लपवण्याच्या मी विरोधातच आहे. मला पहिला लायरबर्ड दिसला तो एका अनोळखी बाईंनी जंगलाचं आणि वाटेचं नाव सांगितलं म्हणून. त्या गप्प राहिल्या असत्या तर मी आजही मॉलमध्ये शनिवार घालवत असतो. जंगलाचं नाव सांगा, वाटेचं सांगा. ओटा ज्याचा त्याने शोधावा, किंवा शोधू नये.

रानवारा:
वाटेचं नाव सांगायला माझी हरकत नाही, मीही वर शेरब्रुक लिहिलंच आहे. नकाशावरची खूण मात्र नको, आणि जून-जुलैत ओट्यापाशी बसणं नको, यावर मी ठाम आहे. आभाताईंनी लिहिल्यावर तर जास्तच.

जोगीकाका, मुलीकडे पुन्हा याल तेव्हा आधी कळवा. थंडीत आलात तर सकाळी सातला मी पायवाटेवरच असतो. स्पीकरशिवाय ऐकू.