मदत हवी आहे: स्नीकी पीटचे टॅब माझ्या पेडल स्टीलवर बसतच नाहीयेत (तातडीचं!)

फ्रेमवेडा
नमनाला घडाभर तेल नको, थेट विचारतो. पेडल स्टील (पायातल्या पेडलांनी तारांचा सूर बदलणारी आडवी स्टील गिटार) घेतलंय, सेकंडहँड. तीन आठवडे झाले. फ्लाइंग बरिटो ब्रदर्स ह्या अमेरिकन कंट्री-रॉक बँडच्या १९६९ च्या पहिल्या रेकॉर्डवरचे त्यांच्या स्टीलवाल्या स्नीकी पीटचे दोन तुकडे बसवायचेत. टॅब (कुठली तार कुठे वाजवायची ते लिहिलेले कागद) मिळाले ते सगळे ई नाइन्थ ह्या ट्यूनिंगचे, म्हणून तेच ट्यूनिंग लावलं. पहिलं पेडल दाबलं की जी तार चढायला हवी ती ढिम्म हलत नाही, शेजारची भलतीच खाली उतरते. वरून तिसरी तार दोनदा तुटली. दुसऱ्यांदा डोळ्यावर चष्मा होता म्हणून वाचलो. शनिवारी मित्राकडे बैठक आहे आणि मी मोठ्या तोंडाने सांगून बसलोय. काय चुकतंय? 'आधी सरगम घोटा' असले सल्ले कृपया नकोत.

जुनी_तार
कुठल्या कंपनीचं? तारा किती? पेडलं किती, गुडघ्याने ढकलायचे लिव्हर आहेत का? फोटो टाका. एवढ्या माहितीवर ज्योतिषीसुद्धा काही सांगणार नाही.

ठाणेकर_नाना
बाळा, त्या पेडलांच्या नादी कशाला लागलास? आमच्या वेळी हवाइयन गिटार मांडीवर घ्यायची, डाव्या हातात स्टीलची कांडी, आणि मींड अशी निघायची की विचारू नकोस. व्हॅन शिपले ऐकलेत का? एकही पेडल नाही. भावगीतं घे, शनिवार निभेल.

जुनी_तार
नाना, शिपले थोरच, पण वाद्य वेगळं. कांडी सरकवली की सगळ्या तारा सोबत सरकतात. पेडलने दोन तारा चढतात आणि बाकीच्या जागच्या जागी राहतात. सूर सुरातून वितळत जातो तो त्यामुळे. १९५४ मध्ये बड आयझॅक्सने एका हिट रेकॉर्डवर हे करून दाखवलं आणि कंट्री संगीताच्या नॅशव्हिलमधले स्टीलवाले आपापल्या गिटारींना पेडलं ठोकायला लागले. मींड एका रेषेत जाते, इथे एक रेष हलते आणि दुसरी थांबते.

ठाणेकर_नाना
मींड 'एका रेषेत' जाते हे वाचून मन भरून आलं. असो.

चिंचगूळ
वाद्य भारतात पाठवणार असाल तर आधी कस्टम ड्युटी बघून घ्या. माझ्या भाच्याने कीबोर्ड मागवला होता, आठ दिवस नुसते खेटे. जुनं बिल जपून ठेवा.

फ्रेमवेडा
@चिंचगूळ मी अमेरिकेत बरबँकला आहे, कुठेही पाठवत नाहीये.
@जुनी_तार फेंडर आहे. पेडलं चार. लिव्हर नाही. बाकी नेहमीसारखंच.

जुनी_तार
फेंडर, चार पेडलं आणि 'नेहमीसारखंच'? अहो, तारा मोजा.

पडद्यामागे
तो मोजेपर्यंत एक शंका. हा स्नीकी पीट म्हणजे 'टर्मिनेटर'वाला पीट क्लाइनोच ना? आमच्या धंद्यात त्याला स्टॉप मोशनवाला म्हणूनच ओळखतात. १९८४ च्या त्या चित्रपटात शेवटी आगीतून लोखंडी सांगाडा चालत येतो, त्या कामात तो होता. बाहुली केसभर हलवायची, एक फ्रेम, पुन्हा केसभर. सेकंदाला चोवीस. नाव बघून मला वाटायचं दोन वेगळी माणसं आहेत.

फ्रेमवेडा
एकच माणूस! म्हणून तर वेड लागलंय. मी दिवसा कंपोझिटिंग (इफेक्ट्सचे वेगवेगळे थर एका चित्रात जोडायचं काम) करतो. हा बाबा साठच्या दशकात लॉस एंजेलिसमध्ये दिवसा 'गम्बी' आणि 'डेव्ही अँड गोलायथ' ह्या टीव्ही मालिकांच्या बाहुल्या हलवायचा आणि रात्री क्लबात स्टील वाजवायचा. मग बँडसाठी ते काम सोडलं, १९७१ मध्ये बँडही सोडला, जोनी मिचेलच्या 'ब्लू'वर वाजवलं, आणि पुढे परत इफेक्ट्समध्ये. १९८३ मध्ये 'द विंड्स ऑफ वॉर' मालिकेच्या इफेक्ट्ससाठी एमी पुरस्कार, टीमबरोबर. त्या पहिल्या रेकॉर्डच्या कव्हरवर बाकीच्यांचे चकचकीत नुडी सूट (नुडी नावाच्या शिंप्याचे, भरतकामवाले) बघा आणि ह्याच्या अंगावर बघा: उडणारा डायनोसोर!

पडद्यामागे
टेरोडॅक्टिल. आणि तो शास्त्रीयदृष्ट्या डायनोसोर नव्हे.

विदर्भवारा
टर्मिनेटर २ मधला तो वितळणारा पोलीसपण ह्यानेच केला काय?

पडद्यामागे
नाही हो. तो आयएलएम ह्या इफेक्ट्स कंपनीचा कॉम्प्युटरचा खेळ. क्लाइनोचं नाव त्या चित्रपटाच्या इफेक्ट्समध्ये आहे, पण सगळं एकाच्या गळ्यात घालू नका.

ठाणेकर_नाना
अ‍ॅनिमेशनचा विषय निघालाच आहे तर सांगतो. आपल्याकडे मुंबईत फिल्म्स डिव्हिजनमध्ये डिस्नेचे क्लेअर वीक्स १९५६ मध्ये आले होते, राम मोहन त्यांच्याच हाताखाली तयार झाले. पुढच्या वर्षी 'द बनियन डिअर' आला. आजच्या पोरांना माहीत नसतं.

फ्रेमवेडा
नाना, मान्य, पण शनिवार!!
मोजल्या. आठ तारा आहेत. दहाचा सेट आणून खालच्या दोन वगळल्या होत्या. त्याने एवढा फरक पडतो?

जुनी_तार
आलं लक्षात. फेंडर ४०० दिसतंय. खाली पेडलापासून वर तारेच्या टोकापर्यंत सळ्या नाहीत, सायकलच्या ब्रेकसारख्या केबली आहेत ना? आधीच्या मालकाने कुठली केबल कुठल्या तारेला जोडली हे तुम्हाला ठाऊक नाही, आणि तुम्ही दहा तारांच्या ई नाइन्थचं पुस्तक उघडून बसलात. ई नाइन्थमध्ये पहिलं पेडल बी चा सी शार्प करतं, दुसरं जी शार्पचा ए. तुमच्या पेडलांना हे कोणी सांगितलेलंच नाही. तिसरी तार जी शार्पची, ती ई नाइन्थवाल्यांची जन्माची दुखरी नस. आधीच ताणलेली, तिला आणखी चढवलं की तुटणारच.
आणि मुख्य गोष्ट: स्नीकी पीट ई नाइन्थ वाजवतच नव्हता. आठ तारांची फेंडर, बी सिक्स्थ ट्यूनिंग. म्हणजे बी, डी शार्प, एफ शार्प, जी शार्प हे घराणं. तुम्ही योगायोगाने त्याच्याच जातीचं वाद्य घेऊन दुसऱ्याची गाणी त्याच्यावर लादताय.

सूरमारी
हे ऐकू नका. फेंडरच्या केबली म्हणजे रोजची डोकेदुखी. विका, दहा तारांचं विद्यार्थी मॉडेल घ्या, शिकवण्या सगळ्या त्याच्याच मिळतात.

जुनी_तार
आणि स्नीकी पीटचा तो आवाज? त्याचा फझ लावलेला, करवतीसारखा आवाज दहा तारांच्या विद्यार्थी मॉडेलमधून काढून दाखवा.

सूरमारी
फझ पेडल वेगळं मिळतं साहेब. केबलीतून फझ येत नाही.

जुनी_तार
हे बरोबर. पण तारांची मांडणी फझबरोबर फुकट मिळत नाही.
फ्रेमवेडा, शनिवारचं सांगतो. सगळ्या तारा ढिल्या करा. ट्यूनर लावा, एकेक पेडल दाबून कुठली तार कुठे जाते ते कागदावर लिहा. नुसतं लिहा, काही बदलू नका.

फ्रेमवेडा
ढिल्या केल्यावर ट्यूनर काय दाखवणार?

जुनी_तार
चुकलं माझं. तिसरी तेवढी ढिली करा, बाकी आहेत तशा असू द्या.

फ्रेमवेडा
केलं. पहिलं पेडल: पाचवी तार अर्धा सूर खाली. दुसरं: दुसरी आणि सहावी, दोन्ही वर. तिसरं काहीच करत नाही. टॉर्च घेऊन खाली झोपलो, तर त्याची केबल कप्पीवरून निसटून लोंबतेय, आणि कप्पीत कोणीतरी पेपर क्लिप वाकवून अडकवलीय. चौथं दाबलं की बाहेर येतच नाही, पायाने उचलावं लागतं.

सूरमारी
काय सांगत होतो?

जुनी_तार
क्लिप काढू नका!! आधी फोटो. चौथ्याची स्प्रिंग सुटली असणार, तीही बघा.

फ्रेमवेडा
काढली.

चिंचगूळ
बिल आहे ना पण जवळ?