कुंपणावरील गुलचांदणी काढण्याच्या सूचनेबाबत

बी-२०३: सर्व सभासदांना नमस्कार. मागच्या कुंपणावरील गुलचांदणीच्या रात्री फुलणाऱ्या वेलीला नुसतीच पाने येत असल्यामुळे ती काढून तेथे रातराणी लावावी, अशी सूचना आली आहे. कृपया आपले मत कळवावे.

ए-५०१: कृपया घाई करू नये. गुलचांदणी दिवस लहान होऊ लागल्यावर बहरते. त्यामुळे आषाढ-श्रावणात ती केवळ पसरते आणि पुढे भाद्रपद-आश्विनात कळ्या धरते. माळीदादा तिला वरचेवर युरिया घालतात, तो मात्र आजच थांबवायला हवा, कारण नत्र जास्त झाले की वेल पानांवरच जोर काढते. आपली काळी माती पाणी धरून ठेवते, तेव्हा बुंध्याशी वाळू व शेणखत मिसळून ती भुसभुशीत करून घ्यावी. कळ्या आल्यावर तिन्हीसांजेला पाच मिनिटे तेथे उभे राहावे. मिटलेल्या छत्रीसारखी पीळ घातलेली कळी आधी किंचित थरथरते आणि डोळ्यांदेखत उलगडते. ऊन चढले की फूल मलूल होते, म्हणून सकाळी फिरणाऱ्यांना तिची शोभा दिसतच नाही.

सी-१०२: काकांशी सहमत आहे. रातराणी वेल नसून झुडूप आहे आणि तिचे सर्व भाग, विशेषतः फळे, विषारी असल्यामुळे लहान मुलांच्या खेळण्याच्या जागेजवळ ती नकोच. शिवाय तो उग्र वास खिडकीखाली रात्रभर सर्वांना सोसवेल असे नाही. सुगंधच हवा असेल तर फाटकाच्या कमानीवर मधुमालती चढवावी. तिचे फूल संध्याकाळी पांढरे उमलते, नंतर गुलाबी आणि शेवटी लाल होते, त्यामुळे एकाच घोसात तिन्ही रंग दिसतात. ती नव्या फुटीवर फुलते, म्हणून थंडी सरताना छाटणी करावी. नाशिककरांना छाटणीचे महत्त्व सांगायला नको. फक्त द्राक्षबागेचे वेळापत्रक येथे लावू नये.

बी-२०३: मग गुलचांदणी थंडीत टिकेल का?

ए-५०१: निफाडइतका नसला तरी आपल्याकडेही कडाका पडतो आणि तेव्हा ती पिवळी पडते. त्याआधी वाळलेली बोंडे काढून ठेवावीत. बियांचे कवच कठीण असते. पेरण्यापूर्वी ते पॉलिश पेपरवर थोडे घासून बिया रात्रभर पाण्यात भिजवाव्यात आणि मे अखेरीस लावाव्यात.

बी-२०३: आभारी आहे. वेल तशीच ठेवत आहोत, युरिया बंद करण्याविषयी माळीदादांना आजच सांगतो.