टीएसएच नॉर्मल, पण अंगात जीव नाही

ताई, थायरॉइडची गोळी चालू असूनही थकवा जात नाही म्हटल्यावर ‘रिपोर्ट नॉर्मल आहे, थकवा मनाचाच’ असं तुम्हाला डॉक्टरांनी सांगितलं ना, तेच मीही वर्षभर ऐकलं. थायरॉइडची रक्ततपासणी, म्हणजे टीएसएच, 2.8, अन् इकडे पराटीची (कपाशीची) एक ओळ वेचली की हात गळून जायचे. वैशाखात घरचे कूलरपुढून हलत नव्हते, मी गोधडी शोधायची! शेवटी तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंनी खालची पापणी ओढून पाहिली. हिमोग्लोबिन 8.4, बी-12ही कमी. म्हणजे थायरॉइडची गोळी बरोबर होती, दुखणं दुसरंच. फक्त लोहाची गोळी तिच्यासोबत घेऊ नका, 4 तासांचं अंतर ठेवा. नाहीतर थायरॉइडची गोळी अंगी लागत नाही. मी लोहाची रात्री घेते. आणि थायरॉइडच्या गोळीचा डोस मनानं वाढवू नका, छातीत धडधडतं. माझ्या जावेनं करून पाहिलंय.