मदत हवी आहे: सातवा महिना, हसणं बंद. 'परिस्थितीच तशी' म्हणून सोडून द्यायचं का?

आम्ही दोघी एकाच शिवणकामाच्या शेडमध्ये आहोत. मी तपासणीला, ती धागे कापायला. नगावर मजुरी, खाडा झाला की त्या दिवसाचे पैसे गेले. तिला सातवा लागलाय, पहिलंच. माझ्याहून बरीच लहान आहे, मला ताई म्हणते, त्यामुळे तिच्याबद्दल इथे लिहिताना जरा चोरट्यासारखं वाटतंय.

पूर्वी भारी बडबडी. जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांच्या नकला करायची. गेला महिनाभर, जास्तच असेल, मान खाली घालून बसते. कात्री हातात, कपडा मांडीवर आणि नजर भलतीकडेच. डबा तसाच परत नेते. रात्रभर झोप नाही म्हणते. मागच्या तपासणीला गेलीच नाही. नवऱ्याला आठवड्यातून दोन-तीन दिवस काम, डोक्यावर उचल, खोलीचं भाडं थकलेलं. परवा धीर करून विचारलं तर म्हणाली, "काही नाही ताई, दमते. मी नसले तरी बाळ वाढेलच कुणाकडे तरी." आणि पुन्हा धागे कापायला लागली.

तिच्या सासूबाई म्हणतात, पहिलटकरणीचं असंच असतं. शेडमधल्या बायका म्हणतात, अशा परिस्थितीत कोण आनंदी राहील? मला तेही पटतं, तिथेच गाडी अडते. हे दुःख आहे की आजार? आजार असेल तर भाडं थकलेलं असताना उपचारांनी काय होणार? पोटात बाळ असताना गोळ्या चालतात तरी का? दवाखान्यात वजन, बीपी, लोहाच्या गोळ्या एवढं दोन मिनिटांत उरकतं, मनाचं कुणी विचारत नाही. उपदेश नको, करता येईल असं सांगा.

मोगरा: या दिवसांत मूड खालीवर होतातच. तिला चांगलं वाचायला द्या. बाळाचं तोंड पाहिलं की सगळं विसरेल.

निवृत्त परिचारिका: मोगरा, रागावू नका, पण हे ऐकूनच बायका गप्प बसतात.

ताई, तुम्ही जाता जाता लिहिलेल्या "मी नसले तरी" या शब्दांशी मी थांबले. बाकी सगळं नंतर. आजच तिला एकटीला गाठा आणि सरळ विचारा, "जगू नये असं वाटतं का? स्वतःला काही करून घ्यावंसं वाटतं का?" विचारल्याने नसलेला विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. 'हो' म्हणाली तर तिला एकटी सोडू नका आणि त्याच दिवशी रुग्णालयात न्या.

दुःख की आजार म्हणाल, तर दोन आठवडे किंवा जास्त, जवळजवळ रोज, दिवसाचा बहुतेक वेळ उदास वाटणं किंवा कशातच मन न लागणं हे डॉक्टरांना दाखवायलाच हवं. कारण डोळ्यांसमोर आहे म्हणून आजार नाही असं होत नाही. खड्ड्यात पडून पाय मोडला तरी प्लास्टर घालतोच ना?

थकवा, भूक यांवरून गरोदरपणात नीट कळत नाही, ते सगळ्यांचंच बिघडतं. म्हणून नैराश्याची शंका तपासायला एडिनबरा प्रश्नावली वापरतात. १९८७ ची आहे, मुळात बाळंतिणींसाठी केलेली, पण गरोदरपणातही चालते. दहाच प्रश्न: हसू येतं का, उगाच स्वतःला दोष देता का, विनाकारण भीती वाटते का असे. ३० पैकी १३ किंवा जास्त गुण आले तर पुढची तपासणी, ते काही निदान नव्हे. शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचाराचा. तिथे 'कधीच नाही' सोडून दुसरं उत्तर आलं तर बेरीज बघत बसायचं नाही. रक्त आणि थायरॉइडही तपासून घ्या, त्यांनीही माणूस असंच मलूल होतं.

सौम्य असेल तर पुष्कळदा बोलण्याचे उपचार पुरतात. जास्त असेल तर गरोदरपणात देता येतील अशी औषधं आहेत, डॉक्टर फायदा-धोका तोलून देतात. आपल्या मनाने सुरू किंवा बंद मात्र नको. आणि काहीच न करणंही बाळाच्या दृष्टीने निर्धोक नसतं.

पैलतीर: भाड्याच्या प्रश्नावर. पाकिस्तानात रावळपिंडीजवळच्या खेड्यांत गावातल्याच आरोग्यसेविकांना शिकवून त्यांना गरोदर, उदास बायकांच्या घरी पाठवलं होतं. त्या डॉक्टर नव्हत्या. बसायच्या, बोलायच्या, एकेक छोटं काम ठरवून द्यायच्या. अभ्यास २००८ मध्ये छापून आला. बाळ सहा महिन्यांचं झालं तेव्हा या बायकांपैकी २३ टक्क्यांना नैराश्य होतं, ज्यांना नुसत्या साध्या भेटी मिळाल्या त्यांच्यात ५३ टक्क्यांना. त्यांची गरिबी काही हटली नव्हती.

माझं सांगते. डॉक्टरांसमोर 'रडू येतं' म्हणायची लाज वाटली, 'छातीत धडधडतं' म्हणाले. ईसीजी काढून परत पाठवलं. दोष कुणाला देऊ? म्हणून चार ओळी कागदावर लिहून न्या. आणि घरी मारहाण होते का, हेही एकटीलाच विचारा, नवऱ्यासमोर कधीच नाही.

प्रश्नकर्ती: काल सुटल्यावर जिन्यात बसून विचारलं. बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "मरायचं नाही ताई, पण सकाळी जागच येऊ नये असं वाटतं." ठरवलेलं काही नाही, मी दोनदा विचारलं. घरी कुणी हात उचलत नाही म्हणते. मग रडली, आणि गंमत म्हणजे रडून झाल्यावर माझाच डबा खाल्ला. परवा दोघी जातोय, माझाही खाडा. घरी 'रक्त तपासायचंय' एवढंच सांगितलंय. आता सासूबाई सोबत येते म्हणतात. त्यांच्यासमोर ही तोंड उघडणार नाही. काय करू?

निवृत्त परिचारिका: 'जागच येऊ नये' हे तिचेच शब्द कागदावर तसेच लिहा. परवापर्यंत रोज विचारत राहा, बोलणं बदललं किंवा तुम्हालाच धाकधूक वाटली तर त्याच क्षणी घेऊन निघा. सासूबाईंना येऊ द्या. त्यांना केसपेपरच्या रांगेत उभं करा आणि तुम्ही तिला वजनाला आत न्या. कागद तिथल्या सिस्टरच्या हातात द्या आणि हिला एकटीला तपासा म्हणा.