घरी विंडोजच पाहिजे, हा काय नियम आहे काय?

महालचा_मिंटवाला

परवा आपल्या नागपुरातल्या बर्डीच्या एका दुकानदार भाऊंनी पोस्ट टाकली. म्हणणं असं, की विंडोज १० गेलं, जुना लॅपटॉप एक्सचेंजमध्ये द्या, नवीन घ्या. आणि लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी मोफत सिस्टीम, हे इंजिनिअरिंगच्या पोरांचे चोचले, घरच्या माणसाने त्याच्या नादी लागू नये. त्यावर अंगठ्यांचा पाऊस. मी खाली उत्तर लिहायला घेतलं, ते आवरेना, म्हणून वेगळा धागा काढतो आहे.

"गेलं" म्हणजे नेमकं काय झालं? १४ ऑक्टोबर २०२५ पासून मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चे नेहमीचे मोफत सुरक्षा अपडेट थांबवले. मशीन काही त्या रात्री बंद पडली नाही. घरगुती ग्राहकांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मुदतवाढही आहे, आणि सेटिंगचा बॅकअप मायक्रोसॉफ्टच्या खात्यात ठेवला तर त्याचे पैसे लागत नाहीत. हे काउंटरवर कोणी सांगतं? सांगितलं तर एक्सचेंज कोण करणार!

विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप पाहिजे आणि इंटेलच्या प्रोसेसरची साधारण आठवी पिढी किंवा पुढची पाहिजे. आमच्या बाबांचा लॅपटॉप सातव्या पिढीचा, आय-५, ८ जीबी रॅम. एसएसडी टाकल्यावर चहा उकळायच्या आत सुरू होतो. बाबा त्यावर ई-पेपर वाचतात, महावितरणचं बिल भरतात, यूट्यूबवर भजनं ऐकतात आणि सोसायटीच्या नोटिसा टाइप करतात. यातलं कोणतं काम सातव्या पिढीला झेपत नाही? ज्या कंपनीच्या माणसाने २०१५ साली भर कार्यक्रमात विंडोज १० ला "शेवटचं विंडोज" म्हटलं होतं, तिनेच ठरवायचं की आमची मशीन म्हातारी झाली?

मी लिनक्स मिंट टाकलं, लिनक्सचाच एक प्रकार. मिंट २२ च्या मालिकेला २०२९ पर्यंत अपडेट आहेत, पैसा लागत नाही, खातं काढा म्हणून मागे लागत नाही. मेनू डाव्या कोपऱ्यात, पट्टी खाली, फोल्डर जिथल्या तिथे. बाबांनी एकच तक्रार केली, पत्ते कुठे गेले म्हणून. सॉलिटेअर टाकून दिला, विषय संपला. घरच्या माणसाला जमत नाही म्हणणाऱ्यांनी आधी घरच्या माणसाला विचारावं.

बर्डीचा_रिपेअरवाला

भाऊ, माझ्यासाठी धागा काढला, आभारी आहे.

आता आमची बाजू ऐका. तुमचे बाबा खुश आहेत, काहून की तुम्ही त्याच घरात राहता. माझ्याकडे जे येतात त्यांचा पोरगा दिवाळीत येते, लिनक्स टाकते आणि हिंजवडीले निघून जाते. जानेवारीत काकाजी कापडी पिशवीत लॅपटॉप घेऊन माझ्या काउंटरवर. "बाबू, प्रिंट नाही निघून राहिली." प्रिंटर एका कंपनीचा जुना लेसर, त्याचा लिनक्सचा ड्रायव्हर कोणत्या जमान्यातला आहे ते त्या कंपनीलाच माहीत. पोराला फोन लावला तर तो म्हणते, टर्मिनल उघडा (कमांड टाइप करायची खिडकी). काकाजींना टर्मिनल म्हटलं की मोरभवनचा बस स्टँड आठवते!

मी विंडोज टाकून देतो, पाचशे रुपये घेतो. काकाजी संध्याकाळी प्रिंट काढते. चुकलं काय माझं?

महालचा_मिंटवाला

पाचशे रुपयांत कोणतं विंडोज येतं हो? लायसन्सवालं की "आपलंवालं"? त्यासोबत बिनलायसन्सचं चालवायला जो ॲक्टिव्हेटर टाकता, त्यात काय काय येतं ते काकाजींना सांगता का? त्याच लॅपटॉपवर ते पेन्शनचं बँक खातं उघडतात.

बर्डीचा_रिपेअरवाला

लॅपटॉपसोबत आलेलं लायसन्स बोर्डात असते, तेच परत लागते. एवढं तरी माहीत असेल तुम्हाला. सगळ्या दुकानदारांना चोर समजून राहिले काय?

सीए_प्रतापनगर

हिशेबाचं टॅली विंडोजवर चालतं. लिनक्ससाठी ते निघतच नाही. डिजिटल सहीचं टोकन, त्याची सहीची सॉफ्टवेअर, सगळा खेळ विंडोज धरून बांधलेला. ज्याच्या घरात एक जरी जीएसटी नंबर आहे त्याने हा धागा वाचण्यात वेळ घालवू नये. मार्चएंडला कोणी मला लिनक्सवर विंडोजची सॉफ्टवेअर चालवणारं "वाईन वापरून पाहा" म्हणालं तर मी ऑफिसबाहेर काढतो.

धरमपेठेतला_मॅकवाला

विंडोज की लिनक्स, म्हणजे घसा बसला की ताप आला. मॅक घ्या आणि सुटा. व्हायरसची कटकट नाही, ड्रायव्हर नाही, बॅटरी दिवसभर. माझा ॲपलच्या एम-१ चिपचा मॅकबुक एअर अजून नव्यासारखा आहे.

बर्डीचा_रिपेअरवाला

धरमपेठेत एसी आहे म्हणून बोलून राहिले. ॲपल स्वतःच लिहिते, मॅकबुक १० ते ३५ अंशात वापरा. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला जाते. एअरमध्ये पंखाच नाही. कूलरसमोर ठेवला तर दमट हवा, कूलरपासून दूर ठेवला तर माणूसच भाजून निघते. आणि रॅम बोर्डातच, ८ घेतली तर मरेपर्यंत ८.

धरमपेठेतला_मॅकवाला

लॅपटॉप कोणताही घ्या, ४५ अंशात कोणताच खुश नसतो. तापल्यावर हळू होतो, जळत नाही. बाकी रॅमचं मान्य. घेतानाच १६ घ्यायला पाहिजे होती, तेव्हा खिसा आडवा आला.

महालचा_मिंटवाला

आणि इंटेलच्या चिपवाल्या जुन्या मॅकचं काय? २०२५ चं टाहो (मॅकओएसची आवृत्ती) हे त्यांच्यासाठी शेवटचं, असं ॲपलनेच जाहीर केलं. २०२० ला लाखभर मोजून घेतलेल्यांनाही तोच दरवाजा दाखवला. नाव वेगळं, धंदा तोच.

मानेवाड्याच्या_टायपिंग_मॅडम

तुम्ही सगळे पुरुष रॅम आणि पिढ्या मोजत बसलात. मूळ पोस्टमध्ये लिहिलं आहे, बाबा सोसायटीच्या नोटिसा टाइप करतात. कशात करतात? माझी इन्स्टिट्यूट आहे. मुली रेमिंग्टन, म्हणजे टाइपरायटरची कीबोर्ड मांडणी, शिकतात, जीसीसी-टीबीसी या सरकारी टायपिंग परीक्षेत मराठी ३० (मिनिटाला ३० शब्द) ची परीक्षा देतात. लिपिक-टंकलेखक भरतीला तेच प्रमाणपत्र मागतात. आमचं सगळं विंडोजवर आहे आणि आमच्या जुन्या फायली कृतीदेवमध्ये आहेत. एका विद्यार्थिनीच्या भावाने घरी लिनक्स टाकून दिलं, ती पोरगी परीक्षेच्या तोंडावर रडत आली, म्हणे सराव कशावर करू. घरगुती वापर म्हणजे फक्त भजनं नव्हेत.

महालचा_मिंटवाला

मॅडम, लिनक्सवर मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड आधीपासून असतो, सेटिंगमध्ये जाऊन नुसता निवडायचा. रेमिंग्टनची मांडणीही जोडता येते. आणि कृतीदेव हा नुसता फॉन्ट आहे, फाइल कॉपी केली की लिब्रेऑफिसमध्येही (वर्डसारखं मोफत सॉफ्टवेअर) दिसतो.

इनस्क्रिप्टच_बरा

कृतीदेव जोडून देऊ नका हो त्यांना! मेला तर मरू द्या!

कृतीदेव हे मराठी नव्हेच, इंग्रजी अक्षरांवर चढवलेला मुखवटा आहे. फॉन्ट काढा, "काम"च्या जागी "डीकेई" दिसेल. खरोखर, करून पाहा. शोधलं तर सापडत नाही, मेलमध्ये पाठवलं तर कचरा, मोबाईलवर उघडलं तर आणखी कचरा. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या अक्षरांच्या मानकात, देवनागरी १९९१ पासून आहे. इनस्क्रिप्ट भारतीय मानकात आहे. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला, बंगालीला तेच, तेलुगूला तेच. "तऱ्हा" लिहायचं तर शिफ्ट धरून जे, मग डी, मग ह. आणि आपल्याकडे अजून काय शिकवतात? टाइपरायटरची मांडणी! टाइपरायटर कोणाच्या घरी आहे आता?

मानेवाड्याच्या_टायपिंग_मॅडम

"मेला तर मरू द्या" ही भाषा तुमच्या घरी वापरा. माझ्या मुली न पाहता टाइप करतात. तुमचा स्वतःचा वेग किती? दोन बोटांनी ठोकणाऱ्यांनी मानकं शिकवू नयेत.

रेमिंग्टनमध्ये "कि" लिहिताना वेलांटी आधी येते, हात जसा कागदावर लिहितो तशी. तुमच्या इनस्क्रिप्टमध्ये आधी क आणि मग वेलांटी. वर्षानुवर्षं बसलेला हात तुम्ही एका दिवसात मोडायला सांगता. आणि नोकरीच्या परीक्षेत जे मागतील ते शिकवायचं की तुमच्या मनात येईल ते?

इनस्क्रिप्टच_बरा

शाळेत मूल "कि" म्हणताना आधी "इ" म्हणतं का? जसं बोलतो तसं लिहायचं. परीक्षा बदला म्हणून कोणी बोललं नाही तर ती पन्नास वर्षं बदलणार नाही. इन्स्टिट्यूटवाल्यांना ती बदललेली नकोच आहे, सगळ्या मशीनवर स्टिकर बदलावे लागतील.

मानेवाड्याच्या_टायपिंग_मॅडम

मशीनचे हप्ते मी भरते. स्टिकरचा हिशेब तुम्ही ठेवू नका.

रिटायर्ड_बाबू_नंदनवन

मी ३० वर्षं कारकुनी केली, सुरुवात खऱ्याखुऱ्या टाइपरायटरवर. दोघांनी भांडू नये. पण एक किस्सा सांगतोच. पुतणीच्या लग्नाची पत्रिका आमच्या जावईबापूंनी मोबाईलवर युनिकोडमध्ये छान लिहिली. शहरातल्याच एका प्रेसमध्ये पाठवली. त्यांच्या छपाईच्या जुन्या डीटीपी सॉफ्टवेअरमध्ये युनिकोड घुसेना, सगळीकडे चौकोन. मग त्यांच्या पोराने स्वतःच्या फॉन्टमध्ये पुन्हा टाइप केली, घाईत. "निमंत्रक"मध्ये आमच्या मोठ्या साल्याच्या, म्हणजे मामाजींच्या, नावाची वेलांटी गेली आणि आडनावातला एक अनुस्वार वाढला. अकराशे पत्रिका छापून झाल्यावर दिसलं. मामाजी लग्नात आले, आहेर दिला, पण जेवले नाहीत. अजून माझ्याशी बोलत नाहीत, माझा काय संबंध?

तेव्हा इनस्क्रिप्टवाले भाऊ, युनिकोड चांगलंच आहे, पण पुढचा माणूस घेत नसेल तर काय उपयोग. आणि मॅडम, प्रेसवाला तुमच्याच पद्धतीत अडकलेला होता, हेही खरं.

बर्डीचा_रिपेअरवाला

मामाजी काहून नाही जेवले ते समजलं. पण राजेहो, धागा विंडोजचा होता.

इनस्क्रिप्टच_बरा

विषय तोच आहे. लोक विंडोजला चिकटतात ते विंडोजसाठी नाही, जुन्या फॉन्टसाठी, जुन्या टॅलीसाठी, पोराने एकदा शिकवलेल्या बटणासाठी. एमएस-सीआयटी २००१ पासून घरोघरी पोचली, तेव्हापासून कॉम्प्युटर म्हणजे स्टार्ट बटण. केरळात सरकारी शाळांमध्ये कित्येक वर्षं लिनक्सवरच मुलं शिकतात, त्यांचं काही अडलं नाही.

सीए_प्रतापनगर

मग केरळात जा.

महालचा_मिंटवाला

वा, सीए साहेब, हा मुद्दा खोडता येत नाही बुवा.

पुण्यातला_नागपूरकर

हिंजवडीचा तो पोरगा मीच समजा. नाव न घेता माझीच बदनामी चालली आहे.

मी आईबाबांच्या मशीनवर उबुंटू, म्हणजे लिनक्सचाच दुसरा प्रकार, टाकलं होतं. चाललं. अगदी छान चाललं. अडचण मशीनची नव्हतीच. आईला काही अडलं की आधी ती शेजारच्या काकूंना विचारायची, त्यांचा मुलगा दोन मिनिटांत येऊन करून द्यायचा. लिनक्स टाकल्यापासून तो दारातूनच सांगतो, "काकू, हे दादाचं आहे, मला नाही समजत." म्हणजे आईची शेजारची मदत बंद आणि माझा फोन सुरू. एनीडेस्क लिनक्सवरही चालतं, मी इथून बसून ठीक करतो. पण मीटिंगमध्ये असताना "स्क्रीनवर काय आलंय वाच बरं आई" करणं जमत नाही, आणि ती वाचते तेव्हा पूर्ण वाचते, कॉपीराइटच्या ओळीसकट.

मशीनचं सोडा, घरच्या आसपास कोणाला काय येतं ते आधी पाहा. आमच्या गल्लीत विंडोज येणारे दहा आहेत, लिनक्स येणारा एक आणि तो वर्षातून दोनदा घरी येतो. मिंटवाले दादा घरीच राहतात, त्यांनी खुशाल टाकावं.

महालचा_मिंटवाला

हे मात्र बरोबर बोललात, नाइलाजाने म्हणतो. पण मग उपाय काय? गल्लीत दहाच्या दहा जण विंडोजवालेच राहणार, म्हणून अकराव्यानेही तेच टाकायचं? शेजारच्या त्या पोराला एकदा बसवून मिंट दाखवलं असतं तर तो दारातून परत गेला नसता. प्रिंटर तर वायफायवाला घेतला की बहुतेक वेळा ड्रायव्हर शोधावाच लागत नाही, आपोआप दिसतो.

बर्डीचा_रिपेअरवाला

म्हणजे लॅपटॉप वाचवायचा आणि प्रिंटर नवीन घ्यायचा. वा. मले चालते, प्रिंटर पण माझ्याकडेच आहेत.

चला, एवढं मानतो: ज्याचं काम ब्राउझरमध्येच संपते आणि घरात पाहणारा माणूस आहे, त्याने सातव्या पिढीवर नवीन लॅपटॉपचे पैसे घालू नये. माझ्या पोस्टमध्ये "सगळ्यांनी" असं लिहिलं होतं, तिथे "बऱ्याच जणांनी" वाचा. यापेक्षा जास्त मागू नका.

धरमपेठेतला_मॅकवाला

स्क्रीनशॉट काढून ठेवला.

मानेवाड्याच्या_टायपिंग_मॅडम

मिंटवाले, ती रेमिंग्टनची मांडणी म्हणालात, तिच्यात अर्धा र कुठे आहे? "दुसऱ्या", "वऱ्हाडी", "कऱ्हाड" हे तीन शब्द टाइप करून फोटो टाका. मशीनचा फोटो, स्क्रीनशॉट नको, स्क्रीनशॉट कोणीही बनवतं. नीट आलं तर एका मशीनवर टाकून पाहीन. इनस्क्रिप्टवाल्यांनी यात बोलू नये.

इनस्क्रिप्टच_बरा

शिफ्ट, जे, डी.

मानेवाड्याच्या_टायपिंग_मॅडम

बोललेच.