कोब्राची नोटीस राहून गेली: २०ची मोजणी आणि तारखा कशा धरायच्या?

एडिसनकर:
नमस्कार मंडळी. न्यू जर्सीत एकाच मालकाच्या दोन कंपन्या, एकीत १४ माणसं, दुसरीत ९. आरोग्य विमा दोन्हीकडे आहे. १४ जणांच्या कंपनीतला एक कर्मचारी ८ ऑगस्टला राजीनामा देऊन गेला, विमा ३१ ऑगस्टला संपला. बायको (एच-४, म्हणजे एच-१बीवाल्याच्या जोडीदाराचा व्हिसा) आणि मुलगा धरून तिघं योजनेत होते. आज १७ सप्टेंबर, कोब्राची (नोकरी सुटल्यावर कंपनीचा विमा स्वतःच्या खर्चाने चालू ठेवू देणारा अमेरिकी कायदा) नोटीस गेलेली नाही. विम्याचा दलाल म्हणतो, दोन्ही कंपन्यांत २०पेक्षा कमी माणसं, म्हणून कोब्रा लागत नाही. शिवाय माणूस स्वतःहून गेलाय. हे बरोबर आहे का?

लाभविभाग:
दोन्ही मुद्दे चुकीचे आहेत. मालकी एकच असेल तर कोब्रासाठी दोन्ही कंपन्या मिळून एकच मालक धरतात. १४ अधिक ९ म्हणजे २३. मोजणी आजच्या हजेरीवर होत नाही, मागच्या कॅलेंडर वर्षातल्या निम्म्याहून जास्त कामाच्या दिवसांवर होते. विमा न घेतलेलेही मोजायचे. अर्धवेळ माणूस त्याच्या तासांच्या प्रमाणात, म्हणजे पूर्णवेळ ४० तासांचा असेल तर २० तासवाला अर्धा. कंत्राटदार मोजू नका. मागच्या वर्षीचं पगारपत्रक काढा आणि हा हिशोब लिहून फाईलला लावा.

राजीनामा असो की काढून टाकलेलं असो, १८ महिन्यांचा हक्क मिळतोच. अपवाद फक्त घोर गैरवर्तनाचा. त्याची व्याख्या कायद्यात नाही, म्हणून त्या वाटेला सहसा जाऊ नये.

तारीखवार:
तारखा बघा, कारण वेळ अजून आहे. मालकाने योजनेच्या प्रशासकाला कळवायला ३० दिवस, प्रशासकाने नोटीस पाठवायला १४. लहान कंपनीत बहुधा मालकच प्रशासक असतो, मग एकूण ४४. ८ ऑगस्टपासून मोजलं तर २१ सप्टेंबर. योजनेच्या कागदात मुदत विमा संपल्यापासून धरायची असं लिहिलं असेल तर १४ ऑक्टोबर. तो कागद हाती नसेल तर २१ हीच तारीख धरा.

१९ तारखेला टपालात टाकली तर निवड करायला ६० दिवस, म्हणजे १८ नोव्हेंबरपर्यंत. त्याने शेवटच्या दिवशी होकार दिला तरी पहिला हप्ता भरायला पुढे ४५ दिवस, म्हणजे २ जानेवारी. विमा मात्र १ सप्टेंबरपासून सलग धरायचा. मधल्या काळात दवाखान्यातून विचारणा आली तर "विमा बंद" एवढंच सांगून फोन ठेवू नका. आत्ता चालू नाही, पण निवड झाली तर मागच्या तारखेपासून लागू होईल, असं पूर्ण सांगावं लागतं.

एडिसनकर:
आभारी आहे. नोटीस सर्टिफाइड पोस्टाने पाठवू का? आणि रक्कम किती लिहायची? पगारातून त्याचे १६० डॉलर कापले जात.

लाभविभाग:
सर्टिफाइडचं पाकीट कुणी सही करून घेतलं नाही तर परत येतं, आणि तुम्हाला ते कळलेलं असतं. साधं फर्स्ट क्लास टपाल घ्या, खिडकीवर सर्टिफिकेट ऑफ मेलिंगवर (टपालात टाकल्याचा पुरावा) शिक्का मारून घ्या. शेवटचा माहीत असलेला पत्ता चालतो. पाकिटावर नवरा-बायको दोघांचीही नावं हवीत. एकट्या कर्मचाऱ्याच्या नावाचं पत्र बायकोला पोचलं असं धरत नाहीत. ती वेगळी राहत असेल तर वेगळं पाकीट. मजकूर श्रम खात्याच्या संकेतस्थळावरच्या नमुन्यातून घ्या, पण रिकाम्या जागा नीट भरा. हप्ता पाठवायचा पत्ता बरेचजण विसरतात.

रक्कम १६० वरून काढू नका. कंपनीचा वाटा ५४० असेल तर पूर्ण हप्ता ७००, त्यावर २ टक्के, म्हणजे ७१४. दात आणि डोळ्यांचा विमा होता तर तोही वेगळा दाखवा. पुढे एखाद्या हप्त्यात ५० डॉलर किंवा १० टक्के, यातलं जे कमी तेवढीच तूट राहिली तर विमा लगेच तोडता येत नाही. एकतर ती रक्कम पूर्ण धरा किंवा कळवून ३० दिवस द्या.

तारीखवार:
व्हिसाबद्दल लोक फार घाबरतात म्हणून सांगतो. एच-१बीवाल्याला (कामाच्या व्हिसावर असलेल्याला) नोकरी गेल्यावर देशात राहायला मिळणारे जास्तीत जास्त ६० दिवस आणि कोब्राचे ६० दिवस यांचा काही संबंध नाही. बायको आणि मुलगा स्वतंत्रपणे निवड करू शकतात. नवऱ्याला नवीन नोकरीत विमा मिळाला आणि बायकोचे उपचार चालू असतील तर एकटी तीच कोब्रा घेऊ शकते.

मुदत हुकली तर कर खात्याचा दंड माणशी दिवसाला १०० डॉलर, कुटुंबाला जास्तीत जास्त २००, फॉर्म ८९२८ वर भरायचा. न्यायालय वेगळे दिवसाला ११० पर्यंत लावू शकतं. काम बाहेरच्या संस्थेला दिलं असलं तरी जबाबदारी तुमच्याच गळ्यात असते. आणि हो, विमा सुरू झाल्यावर ९० दिवसांत द्यायची कोब्राची पहिली सर्वसाधारण नोटीस त्या नवरा-बायकोला दिली होती का, तेही आजच तपासा. राहिली असेल तर उरलेल्या कर्मचाऱ्यांचीही राहिली असणार.